शून्यावरचं मेण

श्यार्दालच्या खोऱ्यात स्कीच्या शर्यतीत माणूस कधी हरत नाही, त्याचं मेण हरतं. पाचवा आला, मेण. पंचविसावा आला, मेण. आदल्या रात्री लग्नात ढोसून चढावर ओकला, तरी मेणच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं धावता येईना मेण वाकडं. स्कीच्या तळाला मेण लावून देणारा माणूस हे ऐकतो, हातवारे करून भांडतो आणि पुढच्या शनिवारी मेण वितळवायला पुन्हा इस्त्री तापवून बसतो. कुणी काही मनाला लावून घेत नाही. निदान क्लबकडून धावणाऱ्या सुन्निवाला जानेवारीपर्यंत तसंच वाटत होतं.

क्लबचं मेण तोरलाइफ लावायचा. तोरलाइफ म्हणजे सुन्निवाच्या आईचा भाऊ, तिचा मामा. सत्तरीला आलेला, पण तोंड विशीतलं. मेणघराची किल्ली सदा कमरेला. "तुझ्या मामीच्या आधीपासून ही माझ्याजवळ आहे," तो सांगायचा, "आणि एकदाही रुसली नाही." गुनवोर मामी हे ऐकून नाक मुरडायची. त्याच्या मेणाला कुणी नाव ठेवलं की तो भर मैदानात उभा राहून ओरडायचा, "अरे, माझ्या मेणावर धोंडा ठेवला तर धोंडा पहिल्या दहात येईल! तू धोंड्याहून जड आहेस त्याला मी काय करू?" लोक पोट धरून हसायचे. शर्यतीला जाणारे निम्मे लोक त्याचं तोंड ऐकायलाच जायचे म्हणा ना.

जानेवारीतल्या त्या रविवारी शून्य अंश होतं आणि वरून ओला बर्फ पडत होता. असा दिवस उगवला की मेणवाल्यांची तोंडं उतरतात. मेण जरा कमी पडलं की चढावर पाय मागे सटकतो, जरा जास्त झालं की तळाला बर्फाचे गोळे चिकटतात आणि माणूस जागच्या जागी खिळतो. शून्याला देवसुद्धा स्कीच्या दोन जोड्या घेऊन येतो, असं इथली म्हातारी माणसं सांगतात. मामा पहाटेपासून खपत होता. लावायचं, उतारावर घसरून बघायचं, खरवडायचं, पुन्हा लावायचं. शेवटी मिशांतून पाणी ठिबकत असताना त्यानं स्की सुन्निवाच्या हातात दिल्या.

"घे. आज उडशील. पडलीस तर आभाळातून पडशील."

आणि खरंच, काय स्की होत्या! चढावर घोरपडीसारखी पकड आणि उतारावर लोण्यातून सुरी. तिथंच घात झाला. पहिल्याच वळणावर कुणीतरी ओरडलं, "हेइया, सुन्निवा! पहिली आहेस!" आणि बाईंच्या डोक्यात वारं शिरलं. मार्चमधल्या जिल्ह्याच्या रिलेसाठी त्या दिवशी मुली निवडायच्या होत्या. शेवटचा टप्पा कोण धावणार, सुन्निवा की रान्दी, यावर गावात पैजा लागल्या होत्या. सुन्निवानं ठरवलं, आज निकालच लावायचा. अर्धी शर्यत ती अशी धावली, जशी मागं कुत्री लागलीत.

दुसऱ्या फेरीत, मागच्या चढावर, पायांनी हात टेकले. छाती फुटायला आली. तिच्यामागून सुटलेली रान्दी आली, "वाट!" म्हणून ओरडली, आणि सुन्निवा बाजूला झाली. रान्दीनं वळूनही पाहिलं नाही. मग आणखी एक गेली. सुन्निवा चाकोरीतून बाहेर पडली, काठ्यांवर रेलली आणि ढसाढसा रडायला लागली. "नाही होत माझ्याच्यानं," ती मोठ्यानं म्हणाली. दुखापत नाही, पडली नाही, काही मोडलं नाही. नुसता धीर सुटला होता.

तेवढ्यात खालून माणसांचे आवाज आले. आता कुणी आपल्याला अशी उभी बघणार, हे तिच्या लक्षात आलं. आणि मग तिनं ते केलं. एक पाय उचलून स्की जमिनीवर दाणकन आपटली. पुन्हा आपटली. मग स्की काढून उलटी धरली आणि हातमोज्यानं तिचा तळ खरवडायला लागली, जसे काही शेरभर गोळे चिकटलेत. तळ लख्ख होता. खरवडायला कणभरही बर्फ नव्हता.

मान वर केली तर समोर स्प्रूसच्या झाडाखाली मामा. हातात गरम सरबताचा कप. तो तिच्यासाठीच एवढा चढ चढून आला होता. त्यानं त्या उलट्या धरलेल्या स्कीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. कप तसाच पुढं धरलेला. सुन्निवानं कप घेतला नाही. स्की पायात अडकवून ती निघून गेली.

शेवटच्या रेषेवर स्थानिक रेडिओची बाई माईक घेऊन उभीच. "काय झालं गं सुन्निवा? सुरुवात तर वाघिणीसारखी होती!"

"स्की गोठल्या हो. तळाला हे एवढे गोळे! मेण पार चुकलं आज."

बोलून गेली. इथं सगळेच बोलतात, तसंच बोलून गेली. आणि मागं वळली तर मामा चढ उतरून येत होता. रेडिओची बाई खूश झाली, कारण आता आतषबाजी होणार. बघ्यांनी कोंडाळं केलं. "बोल रे तोरलाइफ, भाचीच नाव ठेवतेय!"

तोरलाइफनं टोपी काढली. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "चुकलं माझं. शून्याला फसलो."

कुणी हसलं नाही. आख्ख्या खोऱ्यानं या माणसाच्या तोंडून "चुकलं" हा शब्द कधी ऐकला नव्हता. सुन्निवाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमीन गोठलेली होती, ती कशाला दुभंगते!

तो भांडला असता ना, तर दुसऱ्या दिवशी सगळे विसरले असते. कबूल झाला, तिथंच फसला. मग एकेकाला आठवायला लागलं. डिसेंबरात माझीही स्की जरा जडच होती. गेल्या वर्षी आमच्या धाकट्याचीही. अहो, नजर कमी झालीय त्याची. हात कापतात. ऐकूही कमी येतं. ज्यांना आयुष्यात पंधराव्या नंबरापलीकडे मजल मारता आली नव्हती, ते सगळे एकदम मेणानं हरलेले वाघ झाले. क्लबची अध्यक्षा बेर्गल्योट चांगली बाई, पण रिले तोंडावर आलेली. तिनं शहरातून शिकून आलेल्या सिवर्टला मेणघर द्यायचं ठरवलं. तोरलाइफनं कमरेची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "कुलपात तेल सोडत जा. थंडीत अडकतं."

आणि सुन्निवाला रिलेचा शेवटचा टप्पा मिळाला. कारण तिची काय चूक? चूक मेणाची होती.

फेब्रुवारीत ती अंडी द्यायच्या निमित्तानं मामाकडे गेली. शनिवार होता. एरवी शनिवारी मामा घरात सापडायचा नाही. आज खिडकीशी बसलेला.

"बघ त्याला," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. "दर शनिवारी असंच. खिडकीबाहेरचं थर्मामीटर बघत बसतो. उणे चार झालं की मला येऊन सांगतो. मी काय करू उणे चारचं? भाजीला लावू?"

सुन्निवा त्याच्याजवळ बसली. "मामा, तू पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं."

"मग असं का म्हणालास?"

त्यानं बाहीनं काचेवरची वाफ पुसली. "मेण चुकलं तर लोक आठवडाभर हसतात. चढावर रडत बसली म्हटलं की जन्मभर सांगतात. तू तेवीस वर्षांची आहेस. मी म्हातारा. म्हटलं, मला एक आठवडा परवडेल."

"पण किल्ली..."

"ते कुठं माहीत होतं मला," मामा म्हणाला. आवाज इतका साधा होता की सुन्निवाला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मग सांग ना त्यांना खरं!"

"मी सांगू? भाचीला विकून किल्ली घेऊ?" त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. "अंडी ठेव आणि जा. उद्या शर्यत आहे तुझी. उणे सात होईल. सिवर्टला सांग, निळं लाव म्हणावं, कडक थंडीचं मेण."

ती सांगायला गेली नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? त्या रविवारी ती दुसरी आली, लोकांनी पाठ थोपटली, आणि प्रत्येक थापेगणिक तिला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. रात्री गादीवर पडलं की हातमोज्याचा तो खरवडण्याचा आवाज कानात यायचा. दुसऱ्याला दोष देणं एक वेळ चालतं. पण ज्यानं दोष अंगावर घेतला त्याच्या पाठीवर बसून पुढं जायचं, याला निर्लज्जपणा नाही तर काय म्हणायचं? हे ती स्वतःलाच विचारायची आणि कूस बदलायची.

रिलेच्या आदल्या संध्याकाळी क्लबघरात सगळे जमले. दरवर्षीसारखी वाफल, तपकिरी चीज, कॉफी. बूट दाराशी काढून सगळे लोकरी मोज्यांवर. तोरलाइफ शेगडीजवळच्या कोपऱ्यात बसला होता. मामीनं ओढून आणला होता त्याला. बेर्गल्योट उठून भाषण करायला लागली, तशी सुन्निवा उभी राहिली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "जानेवारीत माझ्या स्की गोठल्या नव्हत्या. मेण एक नंबर होतं. मीच वेड्यासारखी धावले आणि चढावर धीर सोडला. मामानं उगाच माझ्यासाठी अंगावर घेतलं."

बेर्गल्योटचे डोळे पाणावले. "काय मन आहे पोरीचं!" ती म्हणाली, आणि टाळ्या वाजवायला लागली. मग सगळेच वाजवायला लागले. "मामासाठी स्वतःवर घेतेय हो!" "रक्ताचं नातं ते शेवटी!" कुणीतरी जाऊन तोरलाइफच्या पाठीवर थोपटलं, जसं आजारी माणसाला थोपटतात. "नशीबवान आहेस बाबा, अशी भाची मिळाली."

तोरलाइफ हातातल्या कपाकडे बघत होता. त्याचे कान लालभडक झाले होते. किल्ली गेली तेव्हाही त्याची मान अशी खाली गेली नव्हती. सुन्निवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलून तिनं त्याला आणखी खाली ढकललं होतं, आणि वर स्वतः देवी होऊन बसली होती.

"टाळ्या वाजवू नका!" ती किंचाळली.

मग ती टेबलामागून बाहेर आली, मोज्यांवर, खोलीच्या मधोमध. एक पाय उचलला आणि लाकडी जमिनीवर दाणकन आपटला. पुन्हा आपटला. इकडं तिकडं चोरून बघितलं, कुणी येतंय का. मग नसलेली स्की पायातून काढली, उलटी धरली आणि हातानं तिचा तळ खरवडायला लागली. कपाळाला आठ्या घालून, मान हलवत, सुस्कारे टाकत. अगदी जसं केलं होतं तसं. गालावरून पाणी वाहत होतं तरी ती खरवडत राहिली.

टाळ्या थांबल्या. बेर्गल्योटचे हात अर्ध्यावर राहिले. ते चोरून बघणं, ते सुस्कारे, हे काही कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या चढावर, हेच नाटक केलं होतं. एकेक जण आपापल्या कपात बघायला लागला. ज्याच्या धाकट्याची स्की गेल्या वर्षी जड होती, तो वाफलचा तुकडा बशीत इकडून तिकडे सरकवत बसला.

शेवटी सिवर्ट उठला. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि तोरलाइफसमोर ठेवली. "तोरलाइफकाका, उद्या शून्य सांगितलंय. वरून बर्फ. मला सकाळपासून पोटात कळा येतायत. उपकार करा, घ्या ही."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तोरलाइफनं किल्लीला हात लावला नाही. तो बेर्गल्योटकडे बघत होता.

बेर्गल्योटनं किल्लीकडे बोट करून "घे" म्हटलं आणि ती खाली बसली. "उद्या शेवटचा टप्पा रान्दी धावेल," ती हळूच म्हणाली. सुन्निवानं मान डोलावली. रान्दीनं नुसतं खिडकीबाहेर पाहिलं. एका मुलीच्या तोंडचा घास दुसरीनं दोन महिने चावला होता.

मग तोरलाइफनं किल्ली उचलली. उठला, दारापाशी जाऊन बूट चढवले. "सुन्निवा," तो ओरडला. पुष्कळ दिवसांनी ओरडला. "इस्त्री काय मामी तापवणार आहे?"

मेणघरात थंडी होती. सुन्निवानं इस्त्री लावली. मामानं रान्दीच्या स्की फळीवर आडव्या टाकल्या, जुनं मेण खरवडून काढलं आणि तळ पुसायला तिला फडकं दिलं. ती पुसत राहिली.

"मामा, मला माफ..."

"रडायचं तर रडावं गं," तो मेणाची कांडी दिव्याजवळ धरून बघत म्हणाला. "चढावर उभं राहून पोटभर रडावं. मी चारदा रडलोय. मी सरबत घेऊन आलो होतो, ते प्यायचं, आणि रडत रडत खाली यायचं. पण माझ्या तळाला हात नाही लावायचा."

तिला मान वर करता येईना.

"तळ बघ," मामा म्हणाला. "कसा आहे?"

"स्वच्छ आहे."

"मोठ्यानं सांग. मला हल्ली कमी ऐकू येतं म्हणतात."

"स्वच्छ आहे, मामा," सुन्निवा म्हणाली, आणि त्यानं तिच्या हातातून फडकं घेतलं.