एक जूनचा दोष

सतराने भाग गेला, बाकी शून्य उरली आणि सोसायटीच्या गोडाउनपुढं जमलेल्या गर्दीच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळपासूनचा हा सहावा माणूस.

खुटबावात आलेले अंकनाथ महाराज स्वतः खडूला हातही लावत नसत. आजाऱ्याची जन्मतारीख आठ आकड्यांत मांडायची. "एकदा देहासाठी, एकदा आत्म्यासाठी" म्हणून शेजारी तीच पुन्हा लिहायची. मग त्या सोळा आकडी संख्येला गावातल्याच माणसाने सतराने भागायचं. बाकी शून्य आली की तारखेला दोष. डॉक्टरची औषधं होमात टाकायची आणि सात अमावास्या महाराजांचं पाणी प्यायचं. एवढी मोठी संख्या कॅल्क्युलेटरात मावत नव्हती, म्हणून सोसायटीचे सचिव सोपानराव फळ्यावर भागाकार करत होते. आपल्याच माणसाने केलेल्या गणितावर कोण संशय घेणार?

"सतरा ही अंकांमधली नागीण," महाराज डोळे मिटून म्हणाले. "जिथं डसते तिथं बाकी ठेवत नाही."

या नागिणीने सकाळपासून एकालाही सोडलं नव्हतं, हे मात्र कुणाला खटकत नव्हतं.

सहावा होता ईश्वर, टीबीने खंगलेला फूलशेतकरी. चार महिने गोळ्या नेमाने घेतल्यावर आता कुठं अंगात जीव येत होता. दोन महिन्यांच्या गोळ्या उरल्या होत्या. त्यांचा पुडा हातात धरून त्याची बायको नकुशी होमापाशी उभी होती.

मागे उभ्या असलेल्या निवृत्त सुभान गुरुजींनी फळ्यावरची तारीख वाचली. ०१०६१९६८. ही त्यांनीच लिहिलेली होती.

"नकुशी, थांब बाई," ते वाट काढत पुढे आले. "ही तारीखच खोटी हाय. ईश्वर, तुझी आई तुला शाळेत घेऊन आली, तवा म्हणाली, ज्वारी काढायच्या दिसांत झाला. जूनला सहा वर्सं पुरी दाखवायची म्हणून मी एक जून लिहिला. तुझाच न्हाई, अख्ख्या वर्गाचा."

गर्दीत चुळबूळ झाली. निम्म्या गावाच्या दाखल्यावर एक जूनच होता.

महाराज शांतपणे हसले. "लिहिली मास्तरांनी, पण लिहवून घेतली दैवाने. मुली, टाक."

लोकांनी माना डोलावल्या. नकुशीचा हात पुन्हा होमाकडे वळला. गुरुजी फळ्याकडे वळले.

"सोपानराव, एकच भागाकार करा. एकतीस फेब्रुवारी, एकोणीसशे शेहेचाळीस. दोनदा लिहा."

"गुरुजी, एकतीस फेब्रुवारी कवा असतोय?"

"म्हणूनच लिहा."

नकुशी थांबली. खडू फळ्यावर चालू लागला. सोपानरावांनी शेवटची वजाबाकी केली आणि ते फळ्याकडे बघतच राहिले. बाकी शून्य.

"जो जन्मलाच न्हाई, त्यालाबी दोष?" गुरुजी म्हणाले. "आता ईश्वरची तारीख एकदाच लिहून भागा."

या वेळी बाकी बारा उरली.

"म्हंजी गोम दोनदा लिहिण्यात हाय," सोपानराव पुटपुटले.

"व्हय. आठ आकडे दोनदा लिहिले की त्या संख्येला दहा कोटी एकनं गुणल्यासारखं होतं. आन् दहा कोटी एकला सतरानं पुरा भाग जातो. अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न वेळा. घरी जाऊन करून बघा. तारीख कुठलीबी घाला, बाकी शून्यच येणार."

महाराज देह आणि आत्म्याचं काही सांगू लागले, पण सोपानराव फळ्यावर गुणाकार मांडत होते आणि लोक तिकडे बघत होते.

गुरुजी लोकांकडे वळले. "मी सहज लिहिलेल्या तारखेपायी ह्याचा जीव जात होता. टीबीच्या गोळ्या अर्ध्यात सोडल्या की रोग जोरानं उलटतो. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच बघा, असा कोण हाय ज्याला तो लागू पडत न्हाई. जे समद्यांनाच लागू पडतं, त्यातून तुमच्या दुखण्याचं काहीच कळत न्हाई."

नकुशीने पुड्यातून त्या दिवसाच्या गोळ्या काढून नवऱ्याच्या हातावर ठेवल्या. जवळ दुसरं पाणी नव्हतं, म्हणून तिने महाराजांचाच तांब्या उचलून त्याला दिला. पाणी साधंच होतं. ईश्वरने त्याच पाण्याबरोबर सगळ्यांसमोर गोळ्या गिळल्या.