पाटी टेकोमाची, झाड बिट्टीचं

मी रंभा. पुनावळ्यातल्या एका सोसायटीत बागकाम करते. तिथं क्लबहाऊस हाय ना, तिथं आमची ज्वारी व्हायची. मला झाडांची नावं कुनी शिकवायची गरज न्हाई. पन सेक्रेटरी यशवंतरावांनी वाफ्यावाफ्यात पितळी पाट्या ठोकल्या, औषधाच्या बाटलीवर असतात तसल्या नावांच्या. वर तंबी दिली, "कमिटीला विचारल्याशिवाय एक रोप बदलायचं नाही." तगर कुठली आन् अनंत कुठला हे ज्याला कळत न्हाई, तो मला सांगनार!

मग खेळायच्या जागेजवळचा टेकोमा वाळला. बोलनी खायला नकोत म्हनून मी पाटी तशीच ठेवली आन् खड्ड्यात आमच्या परसातली बिट्टी लावली. फुलं दोन्हीची पिवळीच. तीन वर्सं झाली, कुनाला पत्ता न्हाई. सोमवारी म्हादेवाला फुलंबी मिळायला लागली.

आज सकाळी बी विंगमधल्या वर्षालीची साक्षी माझ्या मागं मागं करत व्हती. पाच वर्सांची पोर. कटकट नको म्हनून मी तिला त्या झाडाची वाळकी फळं, बिट्ट्या, खेळायला दिल्या. आमी पोरी लहानपनी बिट्ट्यांनीच खेळायचो. तोंडात घालायच्या न्हाईत, हे आईनं थोबाडीत देऊन शिकवलं व्हतं. साक्षीला मी ते सांगितलंच न्हाई.

दुपारी आरडाओरडा ऐकून धावले. पोर त्या झाडाखालच्या बाकाशी भडाभडा वकत व्हती. बाप चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला, फोन लागत नव्हता. झाडाचं काय तरी खाल्लं म्हनून वर्षालीनं पाटीचा फोटो ओळखीच्या डॉक्टरला पाठवला व्हता.

"मावशी, डॉक्टर म्हणाले टेकोमाने काही होत नाही. पाणी पाजा, घरीच झोपवा." तिच्या जिवात जीव आला व्हता.

मी वाकून बघितलं. बाकाखाली दगड व्हता आन् दगडाशेजारी बिट्टीच्या फुटक्या कवट्या. आतला गर न्हाई. तोंड उघडलं तर नोकरी जानार, हे आधी मनात आलं. आलं, खोटं कशाला बोलू?

"वर्षाली, ती पाटी खोटी हाय."

"अहो, कोरलंय त्याच्यावर!"

"आग लागो त्या कोरल्याला! टेकोमा मेला, हे मी लावलंय. इखारी हाय. उचल पोरीला!"

डॉक्टरला दाखवायला मी फांदी मोडली, पांढरा चीक हातावर आला. रिक्षा हायवेच्या बोगद्यात अडकली. साक्षी मांडीवर ढिली पडत चाललेली. मी तिची नाडी धरली, ती मधेच थांबायची. वर्षाली सारखी म्हनत व्हती, "बिया झाडाखालीच पडल्या असतील हो, तिनंच उचलल्या असतील." मी हूं म्हनलं.

दवाखान्यात डॉक्टर तरुण, कुठल्या तरी लांबच्या गावचे. "बिट्टी म्हणजे काय? शास्त्रीय नाव सांगा."

ते मला कसं येनार? जन्मभर ज्या नावांना नाकं मुरडली, त्यातलं एक आज यावं म्हनून मी देवाला हात जोडले. तेवढ्यात बीडकडची सिस्टर फांदी बघून म्हनली, "सर, पिवळी कण्हेर हाय ही." डॉक्टरांनी मोबाइलमधी शोधून मला फोटो दाखवला.

"हेच?"

"व्हय, हेच."

"कॅस्काबेला थेवेटिया," ते वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "मॉनिटर लावा, लवकर! किती बिया खाल्ल्या?"

वर्षाली रडायलाच लागली. सिस्टरनं साक्षीच्या फ्रॉकचा खिसा उलटा केला. तीन आख्ख्या बिट्ट्या निघाल्या.

"एकूण किती होत्या, कुणाला माहीत आहे का? त्यावर औषध ठरणार आहे."

मी वर्षालीकडं बघितलं.

"पाच व्हत्या," मी म्हनलं.

"अंदाजे सांगू नका."

"अंदाज न्हाई डॉक्टर. मीच तिच्या हातात दिल्या."

साक्षीला घेऊन डॉक्टर आत पळाले. दार लागलं. बाहेर मी आन् वर्षाली, दोघीच राहिलो.