जोर कशावर द्यायचा

सूनबाईचे वडील उद्या परत जाणार होते आणि मी अजून त्यांच्याशी धड एक वाक्य बोललो नव्हतो. त्यांना फक्त फारसी येते. मला पुस्तकातली थोडी येते, पण माणूस समोर आला की तीही पळून जाते.

सकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, त्यांना वाटतंय, मी तुम्हाला पसंत नाही. म्हणून तुम्ही तोंड चुकवता."

"अगं, लग्न झाल्यावर मी तुझ्याशी तरी कुठे लवकर बोललो?"

"मला ठाऊक आहे हो. त्यांना कसं कळणार?"

फारसी मला तिनेच शिकवली, स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता. शेवटचा धडा जोर देण्याचा. ज्यावर जोर द्यायचा ते आधी 'ईन' म्हणून पुढे काढायचं, मग 'के' लावून उरलेलं सांगायचं. उदाहरणं ती समोर दिसेल त्याची द्यायची: चमचा, खुर्ची, गळका नळ.

रात्री सगळे स्वयंपाकघरातच जेवायला बसलो. नळ तेवढा टपटपत होता. बायकोने मला कोपराने ढोसलं.

"अहो, बोला की! मूग गिळलेत का?"

मी डोळे मिटले आणि पाठ होतं ते म्हणून टाकलं, "ईन शीर अस्त के चेक्के मीकोनद." म्हणजे, गळतोय तो हा नळ.

व्याह्यांचा घास हातातच राहिला. जन्मभर त्यांनी नळदुरुस्तीच केलेली. उठले, बाह्या सरसावल्या आणि नळ खालून सोडवायला सिंकखाली शिरले.

बायकोने कपाळाला हात लावला. "शाबास! एवढं शिकून व्याह्यांनाच कामाला लावलंत!"

मी ओशाळून टॉर्च धरून शेजारी बसलो. त्यांचा हात बाहेर आला की पाना द्यायचा. काम हाती आल्यावर त्यांनाही कंठ फुटला. आतूनच विचारलं, फारसी कोणी शिकवली?

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. पण चेहऱ्याऐवजी पायांशी बोलायचं असलं की मला जमतं, असं दिसतं.

"ईन दोख्तर-ए शोमा बूद के यादम दाद." मला शिकवलं ते तुमच्या मुलीनेच.

पाना थांबला. ते बाहेर आले, केसांना कोळिष्टक लागलेलं, आणि मुलीला काहीतरी भराभर म्हणाले. ती डोळे पुसत हसायला लागली.

"काय म्हणतात गं?" बायकोने विचारलं.

"म्हणतात, न्हाणीघरातलाही नळ बघायला हवा. अजून आठवडाभर राहतो."