मुनीचं मौन

भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्रा घरी आणला तेव्हा सगळ्यांत खूश झाल्या त्या सासूबाई. तपकिरी, मध्यम वयाचा, एक कान दुमडलेला. जिन्यात कुणी आलं, शेजारी भांडं आदळलं, तरी त्याच्या तोंडून हूं की चूं नाही.

"मौनव्रत घेतलंय मेल्यानं," त्या म्हणाल्या, आणि त्याचं नाव मुनी पडलं.

सून घरीच कवळ्या घडवायची. खिडकीपाशी तिचं टेबल, त्यावर दवाखान्यांतून आलेले जबड्यांचे ठसे. मुनी टेबलाखाली पडून राही. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर दिवसभर बाहेर. असा गुणी कुत्रा शोधून सापडायचा नाही, यावर तिघांचं एकमत झालं.

मग सासूबाई अंघोळीला गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

खरवडण्याचा आवाज ऐकून सून धावली. मुनी मागच्या पायांवर उभा राहून न्हाणीघराचं दार ओरबाडत होता. नखं तुटून दारावर रक्त लागलं होतं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. आवाज मात्र येत नव्हता. तिनं त्याला मागे ओढलं, तर त्यानं तिची बाही दातांत धरून तिलाच दाराकडे खेचलं.

मग रोज तेच. नवऱ्यानं वर्तमानपत्राची गुंडाळी करून फटके दिले. मुनी जागच्या जागी मुतला आणि पुन्हा दाराला भिडला. आत कुणी नसलं, नुसतं दार लावलेलं असलं, तरी तो तिथे जाऊन बसे. मान कलती, कान दाराकडे. आतून कुणी तरी बोलतंय आणि ते नीट ऐकू येत नाहीये, असा. सून हातातलं काम टाकून उठायची, दार उघडून बघायची. बादली, पाण्याचा मग, ओला टॉवेल. दुसरं काय असणार? पण दार लावलं की तो परत बसायचा, आणि तिच्याही अंगावर सरसरून काटा यायचा.

"हे कुत्र्याचं खूळ नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "त्याला काही तरी दिसतंय. तू दाराशी उभी राहणार असशील तरच मी अंघोळीला जाईन."

जनावरांच्या डॉक्टरांनी एका प्रशिक्षक बाईंना पाठवलं. उंच, सावकाश बोलणाऱ्या, खिसे कुत्र्यांच्या खाऊनं फुगलेले. त्यांनी आधी सगळा प्रकार नुसता पाहिला. मग जमिनीवर बसून मुनी आपणहून जवळ येईपर्यंत थांबल्या, आणि त्याच्या मानेचे केस बाजूला सारले.

"इथे बघा."

गळ्याशी दोन ठिकाणी केस नव्हते. कातडी कडक झाली होती.

"भुंकलं की झटका देणारा पट्टा असतो. तो फार दिवस बांधलेला दिसतोय. हा मुका नाही हो. याला स्वतःच्या आवाजाचीच भीती बसलीय."

"आणि दाराचं काय?" सुनेनं विचारलं.

"ते याच्या आधीच्या घरच्यांना विचारा."

निवाऱ्यातल्या लोकांनी गाठ घालून दिली. आधीच्या मालकिणीचा मुलगा स्वतःच आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. मुनी शेपटी हलवत गेला आणि त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून बसला. त्या माणसानं हात पुढे केला, पण तसाच मागे घेतला.

"आई एकटी राहायची," तो म्हणाला. "मी निघालो की हा भुंकत सुटायचा. शेजाऱ्यांच्या तक्रारी यायला लागल्या, म्हणून मी पट्टा आणला. चार दिवसांत सुतासारखा सरळ झाला. आम्हाला वाटलं, सुधारला."

मुनीच्या हनुवटीखालचा बूट त्यानं हळूच मागे घेतला.

"आई न्हाणीघरात पडली. आतून कडी. भिंतीपलीकडे माणसं घरातच होती, पण कुणाला काही कळलंच नाही. मी पोचलो तेव्हा यानं दाराची खालची कड कुरतडून ठेवली होती. पट्टा गळ्यात होता. चालू होता."

सासूबाई पाणी आणायला उठल्या. त्या परत येईपर्यंत तो माणूस जायला उठून बाहेरच्या दाराशी पोचला होता. "आता तरी भुंकतो का?" त्यानं विचारलं. सुनेनं नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून प्रशिक्षक बाईंनी सगळ्या घरालाच शिकवणी लावली.

"मार बंद. भ्यालेल्याला मारलं की भीती आणखी मुरते. आधी दार सताड उघडं ठेवून आत-बाहेर करा. तो शांत राहिला की खाऊ. मग दार जरासं लोटा, पण तो कासावीस व्हायच्या आत उघडा. कडी सगळ्यांत शेवटी. तोंडातून नुसता हुंकार आला तरी शाबासकी द्यायची. आणि आजी, तुम्ही आत गेलात की बोलत राहायचं."

"जन्मभर मला गप्प बसवणारीच भेटली," सासूबाई म्हणाल्या. "बोल म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

नवऱ्यानं बाहेरूनही उघडेल अशी कडी बसवली. मध्येच एकदा कामाच्या घाईत त्यानंच दार धाडकन लावलं आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. तो खजील झाला. पुन्हा उघड्या दारापासून सुरुवात.

एका सकाळी सासूबाई आतून आपल्या माहेरच्या गोष्टी सांगत होत्या. बादली कलंडली आणि बोलणं तुटलं. मुनी उठला. मान ताठ झाली आणि गळ्यातून एक चिरका, गंजका आवाज निघाला. लगेच तो जमिनीला चिकटला, डोळे गच्च मिटून. झटक्याची वाट पाहत.

सून त्याच्याशेजारी फरशीवर बसली, पण त्याला हात लावायचा तिला धीर होईना. तेवढ्यात सासूबाई कशीबशी साडी गुंडाळून, ओल्या पायांनी बाहेर आल्या.

"भुंक रे राजा! घर डोक्यावर घे!"

मुनीनं एक डोळा उघडला.

आता तो भुंकतो. पोस्टमनवर, कबुतरांवर, कधी उगाचच. शेजारचे कुरकुरतात, तेव्हा सासूबाई स्वतः जाऊन त्यांची समजूत काढतात. न्हाणीघराला कडी लागली तरी तो टेबलाखाली झोपलेला असतो.

सुनेचं मात्र तसं नाही. आतलं बोलणं थांबलं, पाण्याचा आवाज थांबला, की तिची कानस कवळीच्या दातावरच थबकते. ती उठून दाराला कान लावते.

"आई?"

"अगं, आहे मी. साबण तरी लावू देशील?"

ती हसते आणि परत जागेवर येऊन बसते. कधी कधी सासूबाई बाजारात गेलेल्या असतात. घरात ती आणि झोपलेला मुनी, दोघंच. तरी ती उठते, त्या बंद दारापाशी जाऊन उभी राहते, आणि दार उघडून आत बघितल्याशिवाय तिला कामाला बसवत नाही.