जाडीची वाईन आणि वन्संचं मटण

"एवढ्याशा लोण्यात अळंबी परततात होय? आजाऱ्याला घालायची आहे का कुणा?"

वन्सं पुटपुटल्या, पण अशा बेतानं की पाठमोऱ्या सुनेच्या मानेला शब्दांची वाफ लागावी. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून यंदा चुलीवरून उठवलेल्या. तोंडाला मात्र प्लास्टर नव्हतं.

सून अळंबी परतत राहिली. आजचा दिवस तिच्या वाट्याला आला हेच पुष्कळ होतं.

घरची रीतच तशी. मळ्यातलं द्राक्ष काळं, जाड सालीचं, सासऱ्यांनी लावलेलं. घरात सगळे त्याला 'जाडी' म्हणत. ("एक जाडी मळ्यात, दुसरी मी," असं वन्संच म्हणायच्या, आणि कुणी हसलं की रागवायच्या.) या द्राक्षाची लाल वाईन पिंपांत मुरली की एक दिवस सगळ्यांनी जेवायला बसायचं, घासागणिक एकेका पिंपातला घोट घ्यायचा, आणि कुठल्या पिंपातली कशात मिसळायची ते ठरवायचं. ताटाशी जुळेल ती वाईन बाटलीत जायची. आणि ताटात दरवर्षी वन्संचं मटण! त्यांचं सासर दोन गल्ल्या पलीकडे, तरी त्या दिवशी बाई सकाळीच पातेल्यासकट हजर.

नवरा सुनेचं जेवण रोज पेपर वाचत जेवायचा. त्या दिवशी मात्र मटणाचा घास, वर वाईनचा घोट, आणि डोळे मिटलेले. लग्नाच्या नवऱ्यानं दुसऱ्या बाईच्या हातच्या घासाला डोळे मिटावेत! सख्खी बहीण असली म्हणून काय झालं? सुनेच्या पोटात तेव्हा जे दुखायचं त्याला औषध नव्हतं. एक वर्ष, एकच वर्ष, बाटली आपल्या स्वयंपाकाशी जुळावी, एवढंच तिला हवं होतं. वन्संचं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात तिनं डोळे पुसले, आणि परतताना अळंबी घेतली.

चौघं बसली. अळंबी, मसुरीची घट्ट डाळ, पाव. नवऱ्यानं पहिल्या पिंपातली वाईन ओतली. घास, मग घोट. डोळे काही मिटले नाहीत. जबडा तेवढा थांबला.

"छान आहे," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

"वेगळं आहे," सासरे म्हणाले. तेही पाणी प्यायले.

दुसरं पिंप झालं, तिसरं झालं. पाण्याचा तांब्या रिकामा झाला. सुनेनं स्वतः घोट घेतला, तर जिभेवरून कुणी घोंगडं ओढावं तसं झालं. तिचे कान तापले. आपल्याच हाताला चव नाही, दुसरं काय!

तेवढ्यात वन्संनी डाव्या हातानं ताट पुढं केलं. "वाढ अजून."

"तोंडदेखलं कशाला खाता, वन्सं? मनात हसताय ते मोठ्यानं हसा की!"

"ताईचा हात बरा होऊ दे," नवरा घाईघाईनं म्हणाला. "मटण झालं की ठरवू. आज राहू दे."

त्याच्या आवाजातली सुटका ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताटं उचलायला उठली.

"बस खाली," वन्सं म्हणाल्या. "बाळ्या, घास खाल्ल्यावर पाणी पीत होतास की घोट घेतल्यावर?"

नवऱ्याला आता बाळ्या म्हणणारी जगात ही एकटीच उरली होती. तो ग्लासाकडे बघत राहिला.

"जाऊ दे ना गं," सासरे म्हणाले.

"जाऊ दे, जाऊ दे करतच इथवर आलो, बाबा. रविवारी लोक मळ्यावर वाईन चाखायला येतात, माझं मटण हाणतात, खुशीत बाटली घेऊन जातात. दुसरी मागायला कधी कुणी आलंय?"

सून उभीच, हातात ताट.

"हिच्या अळंबीत काही खोट नाही," वन्सं म्हणाल्या. "आपली वाईनच कडू आहे. माझ्या मटणाच्या चरबीत ती इतकी वर्षं लपली, आणि हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे."