कॉफीच्या डब्यातला घेवडा

मित्रांनो, मी एक जुना जीवाणू आहे. जुना म्हणजे माझं घराणं जुनं; आमच्यातला एकेक जेमतेम दिवसभर जगतो, पण आठवणी पुढच्याच्या हवाली करून जातो. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात ओओधम या तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांची वस्ती आहे. तिथल्या व्हर्लीन अँटोनच्या आतड्यात मी राहतो. ती जन्मली तेव्हा तिच्या आईकडून तिच्याकडे आलो.

ती लहान होती तेव्हा आमची चंगळ होती. तिचे बाबा ओढ्याच्या मुखाशी घेवडा पेरत. त्याचा चोथा पोटात वर पचत नसे, तो सगळा आमच्या वाट्याला येई. त्या बदल्यात तिची साखर आटोक्यात ठेवायला आम्ही हातभार लावायचो. शाबासकी कुणी दिली नाही, पण हाताला काम होतं.

पुढे सरकारी मैद्याची पोती आली, चरबीत तळलेल्या पोळ्या आल्या. ओओधमांच्या घरी समोर आलेलं ताट नाकारणं म्हणजे अपमान, म्हणून व्हर्लीन खात राहिली. मैदा वरच्या आतड्यातच जिरायचा, खाली आमच्यापर्यंत काही पोचायचं नाही. माझे भाऊबंद उपाशी मेले. सांगायला लाज वाटते, पण भुकेपोटी मी तिच्या आतड्याचं अस्तर कुरतडलं. राहत्या घराची भिंत खाल्ली. फार थकलोय मी.

बाबा गेले तेव्हा कॉफीच्या डब्यात शेवटचा घेवडा उरला होता. बी खायचं नसतं, म्हणून तिने तो फडताळात ठेवला. पेरलाही नाही. नऊ वर्षं झाली.

परवा नर्सने तिला बजावलं, साखर अशीच राहिली तर मूत्रपिंडं जातील. तिचा थोरला भाऊ हार्लन आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. गाडी तीच चालवते. हे ऐकून त्याने स्वतःच डबा खाली काढला.

"बाबांनी पेरायला ठेवलं होतं गं हे. तू त्याची समाधी केलीस."

"आणि संपलं तर?"

"अर्धं पेर, अर्धं शिजव. डायलिसिसला माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवायची नाहीये मला."

अर्धा घेवडा दुपारभर रटरटत होता. हार्लनला पथ्य, त्याने एक चमचा चाखला आणि वाडगा तिच्याकडे सरकवला. ती रडत रडत खात राहिली.

एका वाडग्याने साखर उतरत नाही, आणि आम्हीही मोजकेच उरलोय. पण मित्रांनो, तुमच्याही पोटात माझे भाऊबंद आहेत. त्यांच्यासाठी रोज थोडा चोथा पोटात जाऊ द्या. नाहीतर ते भिंत खातात. काल मला ती खावी लागली नाही.