टोपलीतली किल्ली

पाहुण्यांचं जहाज धक्क्याला लागलं की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे पटापट आत घेत. निन्फामावशी मात्र त्याच दिवशी टोपली जरा जास्तच सजवून खाली सोडी. लिंबं, वर तुळशीची एखादी फांदी. ही सजावट तिच्या भाचीची, लोरेदानाची कल्पना.

पालेर्मो शहरातल्या कापो बाजारामागे टोपलीचं कुणाला नवल नव्हतं. गुडघे गेलेल्या बायका चौथ्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडतात, पाववाला पाव ठेवतो, त्या वर ओढून घेतात. आणि टोपलीत घराची किल्ली आली, तर त्याचा अर्थ शेंबडं पोरही जाणतं : मला उठवत नाही, तुम्हीच दार उघडून या. मग खाली जो असेल तो हातातलं टाकून जिना चढतो. बोलणं बंद असलं तरी चढतो.

मावशीचा मुलगा गेरो दूर उत्तरेला, तोरिनोला असायचा आणि आईला तिकडे न्यायला टपलेला. "लोरे रोज टोपलीवर लक्ष ठेवील," एवढ्या एका बोलीवर मावशी आपल्या घरात राहिली होती.

लोरेदाना जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांना शहर दाखवायची. गेल्या वसंतात एका बाईने टोपली खाली येताना पाहिली आणि टाळ्या पिटल्या. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी लोरेदानाने "मावशी, पाव आला!" अशी हाक मारायची आणि वरून टोपली यायची, असं ठरून गेलं होतं.

त्या दिवशी सकाळी मावशी फोनवर कुरकुरली. "आज नको गं. अंगात त्राण नाही."

"एकदाच, मावशी. लोक त्याचीच वाट बघतात."

"माकडालासुद्धा खेळाआधी शेंगदाणे देतात."

"येताना मलईच्या कान्नोली आणते."

"आण. आणि माझी साखर वाढली की गेरोला तूच तोंड दे." मावशी हसली, पण नेहमीसारखी खळखळून नाही. "बरं. बोंब मारलीस की सोडते."

कॅथेड्रलपाशी पोचेपर्यंत पाळणाघरातून फोन आला. लेकीचं, छोट्या जादाचं, अंग कोमट लागतंय, ताप नाही, पण लक्ष ठेवतोय. झालं! त्यानंतर लोरेदाना तोंडाने राजांच्या थडग्यांबद्दल सांगत होती आणि डोळा सगळा फोनवर. लेकीच्या बाबतीत ती अशीच. द्राक्षंसुद्धा चिरून द्यायची, खिडक्यांना दुहेरी कड्या लावायची. घरात कुठून काय कोसळेल याचा तिला सतत घोर.

गल्लीच्या तोंडाशी वळली, तर टोपली आधीच खाली आलेली. हाक मारण्याआधीच. तिला बरंच वाटलं, तेवढाच वेळ वाचला. टोपलीत लिंबं नव्हती, तुळस नव्हती. लाल फितीला बांधलेली किल्ली होती.

"किल्ली! किती गोड!" एक पाहुणी म्हणाली आणि सगळ्यांनी फोन उंचावले.

लोरेदानाने मान वर केली. "काय मावशी, आज घरच देऊन टाकतेस की काय?" मग तोच विनोद पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगितला. हशा झाला, टाळ्या झाल्या. वरून उत्तर आलं नाही. रुसलीय, तिला वाटलं. कान्नोली बघून येईल ताळ्यावर. कुणी टोपलीत चॉकलेट ठेवलं, कुणी नाणं टाकलं.

पाववाला वीतो दारात उभा राहून बघत होता. "आता किल्लीचापण खेळ का?" तो हसला. "डोकं चालतं हां तुझं!"

तेवढ्यात फोन थरथरला. जादाला ताप चढला होता. लोरेदानाने खुणेची छत्री उंच धरली आणि पाहुण्यांना पुढे काढलं.

ती परतली ती उन्हं उतरल्यावर. पाहुणे धक्क्यावर सोडलेले, कडेवर पेंगुळलेली जादा, हातात कान्नोलीचा पुडा. टोपली तिथेच लोंबत होती. चॉकलेटांखाली किल्ली दिसेनाशी झाली होती. दिवसभरात गल्लीतून किती माणसं गेली असतील! वीतो होता, समोरची शिंपीण होती. सगळ्यांना वाटलं, जहाजाचा दिवस आहे, चाललंय लोरेदानाचं.

तिने चॉकलेटं बाजूला सारली. किल्ली काढून ती लेकीसकट जिना चढली.

मावशी बाल्कनीच्या उंबऱ्यात आडवी होती. एक पाय भलताच वळलेला, मनगटाला दोरीचा वेढा.

"आलीस?" तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "किती टाळ्या वाजवल्या गं लोकांनी. मला वाटलं, आता येईलच कुणीतरी."

खुब्याचं हाड मोडलं होतं. गेरो दुसऱ्या दिवशी आला. तो काही टाकून बोलेल म्हणून लोरेदाना मनाची तयारी करून बसली होती. उलट त्याने तिचे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून निदान संध्याकाळी तरी सापडली. उपकार झाले तुझे." तिने हात सोडवून घेतले नाहीत.

मावशी तोरिनोला गेली. तिथून फोनवर म्हणाली, "इथे तळमजला आहे. टोपली काय पायपुसण्यावर ठेवू?"

"मावशी, तू गेरोला किल्लीचं सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तुझी पोर तापली होती."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या जहाजाला लोरेदाना पाहुण्यांना बाजाराच्या दुसऱ्या वाटेने नेणार होती. पण ती वाट खणून ठेवलेली, गल्लीतूनच जावं लागलं. खाली बघून चालायचं, असं तिने ठरवलं होतं. तरी नेमकी तिथे पोचल्यावर मान वर गेलीच. चौथ्या मजल्याच्या झडपा लावलेल्या होत्या.

ती बघतेय म्हणून पाहुणेही थांबले. काहीतरी असणार, असं वाटून एकेकाने फोन वर केले आणि बंद खिडकीचे फोटो काढले.